रडार, नाला आणि दवंडी

२६ जुलै २००५, मंगळवार. मुंबईच्या पावसाच्या नोंदीत या दिवसापुढे दोन आकडे आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत कुलाब्याला पाऊस पडला ७३ मिलिमीटर. त्याच चोवीस तासांत सांताक्रूझला पडला ९४४ मिलिमीटर. दोन केंद्रांमधले अंतर वीसेक किलोमीटरचे. लोकल चालू असेल तर चर्चगेटहून तासाभराच्या आतला प्रवास. विहार तलावाच्या परिसरात तर हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदवला गेला.

कुलाब्याच्या माणसासाठी तो जुलैतला एक साधा ओला दिवस होता. कुर्ला, कलिना, साकीनाका इथल्या माणसासाठी मात्र कयामत होती. मुंबईत चारशेहून अधिक आणि महाराष्ट्रात हजाराहून अधिक माणसे त्या पावसात गेली. कुणी बुडाले, कुणी मोटारीत गुदमरले, तर साकीनाक्याला कोसळलेल्या डोंगराखाली अख्खी वस्ती गाडली गेली.

या घटनेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मिठी नदी, प्लास्टिकच्या पिशव्या, बिल्डर, झोपड्या, सगळ्यांवर चर्चा झाली. पण एका साध्या प्रश्नाचा इतिहास फारसा सांगितला जात नाही. दुपारी अडीच वाजता सांताक्रूझवर आभाळ फाटले, त्या वेळी ते कुठे, किती आणि आणखी किती वेळ कोसळणार आहे हे शहराला कळण्याची काही सोय होती का? आणि आज ती सोय असेल, तर ती खबर नाल्याकाठच्या घरापर्यंत पोचते का? हा लेख त्या दोन प्रश्नांचा आहे.

तासाला पंचवीस मिलिमीटर

मुंबईत पाऊस मोजण्याची परंपरा जुनी आहे. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभारली. जहाजांना घड्याळाची वेळ देणे हे तिचे पहिले काम. १८४१ पासून तिथे चुंबकीय आणि हवामानाच्या नियमित नोंदी सुरू झाल्या. १८९६ मध्ये नानाभाई मूस हे तिचे पहिले भारतीय संचालक झाले. विजेच्या ट्रामने चुंबकीय नोंदी बिघडतील म्हणून पुढे ते काम अलिबागला हलवण्यात आले. म्हणजे या शहराने आपल्या मोजमापांची काळजी एकेकाळी फार बारकाईने घेतली होती.

पण पर्जन्यमापक हे एक भांडे असते. ते ज्या अंगणात ठेवले आहे, त्या अंगणातला पाऊस ते सांगते. शहर कुलाबा-फोर्टपुरते होते तोवर एक भांडे पुरत होते. शहर ठाण्याच्या खाडीपर्यंत पसरले आणि हवामान खात्याची मुख्य भांडी राहिली दोन: एक कुलाब्याला, एक सांताक्रूझला विमानतळाजवळ.

दुसरीकडे होती गटारे. मुंबईच्या पावसाळी पाण्याच्या वाहिन्या ब्रिटिश काळातल्या. त्यांचा हिशेब असा होता की तासाला २५ मिलिमीटर पाऊस पडेल, त्यातला निम्मा जमिनीत मुरेल, निम्मा वाहिनीत येईल आणि त्या वेळी समुद्राला ओहोटी असेल. त्या काळच्या मुंबईत मोकळी जमीन, शेते, मिठागरे होती, त्यामुळे निम्मे पाणी मुरणे शक्य होते. आज फरसबंदी, डांबर आणि काँक्रीटवर पडलेला जवळजवळ प्रत्येक थेंब गटाराकडेच धावतो. त्यात समुद्रात उघडणाऱ्या १८६ मुखांपैकी भरतीच्या पातळीच्या वर असलेली मुखे हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच. भरती आली की पाणी बाहेर जाणे थांबते. काही ठिकाणी तर समुद्रच आत येतो.

हे कुणाला माहीत नव्हते असे नाही. १९८५ च्या पुरानंतर अभ्यास सुरू झाला आणि १९९३ मध्ये 'ब्रिमस्टोवॅड' नावाचा आराखडा तयार झाला. वाहिन्यांची क्षमता तासाला ५० मिलिमीटर करा आणि पाणी मुरण्याचा हिशेब सोडून द्या, असे त्यात सांगितले होते. बारा वर्षांनी २६ जुलै उजाडला, तेव्हा त्यातले बहुतेक काम कागदावरच होते. त्या दुपारी अडीच ते साडेतीन या एका तासात सांताक्रूझला १९० मिलिमीटर पाऊस पडला. चारच्या सुमारास समुद्राला साडेचार मीटरची भरती होती. पंचवीसच्या गटारात एकशे नव्वद, आणि तेही दार बंद असताना. पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. १९० मिलिमीटरसाठी गटार बांधणे जगातल्या कुठल्याही शहराला परवडत नाही. गटार नेहमीच एका मर्यादेपर्यंतच बांधले जाते. त्या मर्यादेपलीकडचा पाऊस येणार असेल, तर शहराच्या हातात एकच गोष्ट उरते: वेळ. मुंबईचे नाले लांबीला लहान आहेत. डोंगरावर पडलेले पाणी बहुतेक ठिकाणी तासाभराच्या आत खालच्या वस्तीत येते. म्हणून इथे "उद्या काही ठिकाणी जोरदार ते अतिजोरदार पाऊस" या अंदाजाचा उपयोग मर्यादित आहे. पुढच्या अर्ध्या तासात कुठल्या नाल्यावर किती पडणार, हे सांगणारा अंदाज हवा. तो अंदाज भांड्यातून मिळत नाही, कारण भांडे पडून गेलेला पाऊस मोजते. त्यासाठी लागते रडार.

युद्धातला अडथळा

रडारचा जन्म पावसासाठी झाला नाही. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी इंग्लंडमधील डॅव्हेंट्रीजवळ रॉबर्ट वॉटसन-वॅट आणि त्यांच्या सहकाऱ्याने रेडिओलहरी विमानावर आदळून परत येतात हे दाखवून दिले. शत्रूची विमाने दुरून ओळखायची हा उद्देश होता. दुसऱ्या महायुद्धात तरंगलांबी कमी झाली, रडार सूक्ष्म झाले आणि त्याच्या पडद्यावर विमानांसोबत ढगाळ डाग दिसू लागले. ते पावसाचे थेंब होते. लढाई करणाऱ्यांच्या दृष्टीने हा निव्वळ अडथळा. पण काही शास्त्रज्ञांना त्यात दुसरे काही दिसले. जो डाग शत्रूला लपवतो, तोच पाऊस कुठे आहे हे सांगतो.

युद्ध संपल्यावर कॅनडात जे. एस. मार्शल आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुढचा प्रश्न घेतला. पाऊस कुठे आहे हे दिसते, पण किती आहे हे कसे कळणार? त्यांनी रंग लावलेले गाळणकागद पावसात धरले. थेंब पडला की कागदावर डाग उमटे. डागाच्या आकारावरून थेंबाचा व्यास काढायचा आणि कुठल्या पावसात कोणत्या आकाराचे किती थेंब असतात हे मोजायचे. १९४८ मध्ये मार्शल आणि पामर यांनी हे गणित प्रसिद्ध केले. आजही जगभरच्या रडारांत ते वापरले जाते.

या गणितात एक मोठी अडचण दडलेली आहे. रडारकडे परत येणारी लहर थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घातावर अवलंबून असते. समजा एक थेंब एक मिलिमीटरचा आहे आणि दुसरा दोन मिलिमीटरचा. दुसऱ्यात पाणी आठ पट आहे, पण रडारला तो चौसष्ट पट ठळक दिसतो. म्हणजे रडार पाऊस मोजत नाही. ते थेंबांचे प्रतिबिंब पाहते आणि त्यावरून पाऊस किती असावा याचा अंदाज बांधते. मोठ्या थेंबांचा थोडा पाऊस आणि लहान थेंबांचा भरपूर पाऊस त्याला सारखाच दिसू शकतो.

हा फरक किती महाग पडू शकतो, याचे एक उदाहरण पाहू. रडारची ठळकता 'डीबीझेड' या एककात मोजतात. पडद्यावर ४५ डीबीझेड दिसले, तर मार्शल-पामर यांचे सूत्र सांगते की पाऊस तासाला साधारण २४ मिलिमीटर आहे. समुद्रावरून येणाऱ्या उष्ण, दमट हवेतल्या पावसात लहान थेंब फार असतात. अशा पावसासाठी अमेरिकेत वेगळे सूत्र वापरतात. तेच ४५ डीबीझेड त्यात घातले, तर उत्तर येते तासाला सुमारे ५६ मिलिमीटर. आता हे आकडे मुंबईच्या गटाराशेजारी ठेवून पाहा. पहिले सूत्र म्हणते, जुने गटारही हे पाणी कसेबसे वाहून नेईल. दुसरे म्हणते, नवे गटारही भरून वाहील. पडद्यावरचा रंग एकच, निकाल दोन.

म्हणून रडार एकटे पुरत नाही. जमिनीवरच्या पर्जन्यमापकांचे जाळे लागते, त्यांच्या आकड्यांनी रडारचा अंदाज दर काही मिनिटांनी दुरुस्त करावा लागतो. भांडे खरे सांगते पण एका अंगणाचे. रडार अख्ख्या आभाळाचे सांगते पण अदमासाने. दोघांना एकत्र बसवले की शहराला उपयोगी पडेल असे काही हाती येते.

'आत्ताचा' अंदाज

पुढची पायरी ढगाच्या वाटेची. पाच-दहा मिनिटांच्या अंतराने घेतलेली दोन रडारचित्रे शेजारी ठेवली, तर पावसाचा पट्टा कुठून कुठे सरकला हे दिसते. त्याच दिशेने, त्याच वेगाने तो पुढे सरकवायचा आणि अर्ध्या तासाने कुठे असेल ते काढायचे. ही या शास्त्राची मूळ कल्पना. इंग्रजीत याला 'नाऊकास्ट' म्हणतात. आपण आत्ताचा अंदाज म्हणू. भारतीय हवामान खाते पुढच्या तीन तासांसाठी असे इशारे देते. आपल्या मोबाइलवर येणारा "पुढील तीन तासांत" हा मजकूर तोच.

त्याचीही मर्यादा आहे. मोठा, पसरट पावसाचा पट्टा दोन-तीन तास ओळखीचा राहतो. पण गडगडाटी ढगाचे आयुष्य कधी कधी तासाचेही नसते. तो वाटेत विरतो, त्याच्या शेजारी दुसरा उगवतो. मुंबईत तर एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सह्याद्री. ढग दुरून चालत येण्याऐवजी इथेच तयार होतो आणि इथेच उभा राहतो. २६ जुलैला तेच झाले. सरकणाऱ्या ढगाची वाट काढता येते, जागेवर उभ्या राहिलेल्याची नाही.

तरीही त्या दुपारी डॉप्लर रडार असते तर एक गोष्ट नक्की दिसली असती: पाऊस विहार-पवई ते सांताक्रूझ या पट्ट्यावर थांबला आहे आणि हलत नाही. नेमका हाच पट्टा मिठीचा उगम आहे. विहार आणि पवई तलावांचे ओसंडलेले पाणी घेऊन ती विमानतळाच्या धावपट्टीखालून कुर्ल्याकडे आणि पुढे माहीमच्या खाडीकडे जाते. ९४४ हा आकडा आदल्या दिवशी कुणीच सांगू शकले नसते. पण तीन वाजता "कार्यालये, शाळा सोडू नका, लोकांना आहे तिथेच थांबवा" एवढे सांगता आले असते. उलट झाले असे की पाऊस वाढतोय म्हणून लोक लवकर घरी निघाले आणि थेट पाण्यात चालत गेले.

त्या वेळी मुंबईत डॉप्लर रडार नव्हते. देशातले पहिले असे रडार २००२ मध्ये चेन्नईला बसले आणि सुरुवातीचा सगळा भर पूर्व किनाऱ्यावर राहिला. चक्रीवादळे तिकडे अधिक येतात, त्यामुळे तो निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. पण देशातल्या सर्वांत मोठ्या शहरांपैकी एकाचा पूर हा रडारचा विषय आहे, हे तोवर कुणाच्या मनात ठसले नव्हते.

दोन शहरांचे धडे

हाँगकाँग मुंबईसारखेच. ब्रिटिशांनी वसवलेले, डोंगर आणि समुद्राच्या मध्ये दाटलेले, भराव घालून वाढवलेले. १८ जून १९७२ रोजी तिथे एकाच दिवशी दोन ठिकाणी दरडी कोसळल्या आणि १३८ माणसे दगावली. त्यांपैकी एक ठिकाण होते सॉ माउ पिंग, गरीब निर्वासितांची वस्ती. १९७७ मध्ये तिथे दरडींसाठी इशारा व्यवस्था सुरू झाली. ८ मे १९९२ रोजी तासाभरात शंभराहून अधिक मिलिमीटर पाऊस पडला, त्याच वर्षी पावसाचाही इशारा सुरू झाला. १९९८ पासून त्याचे तीन रंग आहेत: तासाला ३० मिलिमीटरला पिवळसर, ५० ला लाल, ७० ला काळा. १९९९ मध्ये तिथल्या वेधशाळेने 'स्वर्ल्स' नावाची रडारवर चालणारी आत्ताच्या अंदाजाची प्रणाली कामाला लावली. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांसाठी आपल्या हवामान खात्याने तीच प्रणाली वापरून पाहिली होती.

या रंगांचे महत्त्व आकड्यांपेक्षा त्यांच्या अर्थात आहे. काळा इशारा लागला की काय करायचे हे शाळेच्या शिपायालाही माहीत असते. शाळेतली मुले शाळेतच राहतात, कामगार सुरक्षित जागी थांबतात. कुणाच्या फोनची, कुणाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही.

दुसरे शहर जपानमधील कोबे. २८ जुलै २००८ रोजी तिथल्या तोगा नावाच्या छोट्या नदीचे पाणी दहा मिनिटांत सव्वा मीटरहून जास्त वाढले. नदीचा काठ फिरायला, खेळायला सुशोभित केलेला होता. पाच जण वाहून गेले, त्यांत तीन मुले. हवामानाचा इशारा त्याआधी निघालेला होता. तो नदीत खेळणाऱ्या मुलांपर्यंत पोचला नव्हता.

त्यानंतर जपानने दोन गोष्टी केल्या. एक, २०१० पासून शहरांभोवती लहान पल्ल्याच्या, बारकाईने पाहणाऱ्या एक्स-बँड रडारांचे जाळे उभारायला घेतले. मोठे रडार शेकडो किलोमीटर पाहते, पण लांबच्या अंतरावर त्याची किरणशलाका जमिनीपासून फार वर गेलेली असते आणि रुंदही होते. एका नाल्याच्या खोऱ्याचा पाऊस ओळखायचा तर जवळचे, लहान रडारच उपयोगी. दुसरी गोष्ट अगदी साधी. नदीकाठी फिरते दिवे बसवले. मुसळधार पावसाचा इशारा प्रसारित झाला की दिवे लागतात. दिवा लागला की नदीतून बाहेर पडायचे, बस्स. पाच वर्षांच्या मुलालाही कळेल अशी भाषा.

वीस वर्षांनंतरची मुंबई

२००५ नंतर मुंबईत काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने २००६ मध्ये अहवाल दिला. पावसाळी पाणी, मिठी, पर्जन्यमापन, पूर्वसूचना या सगळ्यांचा त्यात विचार आहे. महापालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले. दर पंधरा मिनिटांनी त्यांचे आकडे येतात. पुढे त्यांची संख्या वाढत गेली. २०१० च्या सुमारास कुलाब्याला डॉप्लर रडार आले. जानेवारी २०२२ मध्ये वेरावलीला दुसरे रडार सुरू झाले. जून २०२० मध्ये 'आयफ्लोज' ही पूर-इशारा प्रणाली आली. पाऊस, भरती आणि जमिनीचा उतार एकत्र करून कुठल्या विभागात किती पाणी साचेल याचा अंदाज ती देते.

पाणी उपसण्याची केंद्रेही उभी राहिली. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलंड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध. एकेक पंप सेकंदाला सहा हजार लिटर पाणी समुद्रात टाकतो. हाजी अलीच्या दर्ग्याकडे जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की त्याच नावाचे एक केंद्र शहराचे पाणी उपसते आहे? या पंपांनाही आत्ताच्या अंदाजाची गरज असते. पाऊस येण्याआधी अर्धा तास कळले तर वाहिन्या आधीच रिकाम्या करता येतात, दारे बंद करता येतात, माणसे जागेवर पाठवता येतात.

तरीही २९ ऑगस्ट २०१७ आला. सांताक्रूझला ३३१ मिलिमीटर पाऊस झाला आणि शहर पुन्हा गुडघाभर पाण्यात उभे राहिले. पाणी लवकर ओसरावे म्हणून उघडलेल्या मॅनहोलमध्ये पडून एका नामवंत डॉक्टरांचा जीव गेला. रडार होते, पर्जन्यमापक होते. उघड्या झाकणाजवळ एक दिवा नव्हता.

आता थोडे कटू बोलू. २००५ नंतर दोष कुणावर आला ते आठवून पाहा. प्लास्टिकच्या पिशव्या, मिठीकाठच्या झोपड्या, कुर्ल्याचे भंगारवाले, पिंप धुणारे. त्यातले काही खोटे नाही. नदीत कचरा आणि काळे तेल गेले आहे, आपल्या वस्त्यांनी ते मान्य करायला हवे. पण विमानतळाच्या धावपट्टीने नदीला वळवले आणि वांद्रे-कुर्ला संकुलाच्या भरावाने खाडीची पाणथळ जमीन गिळली, हे वाक्य तेवढ्या मोठ्याने उच्चारले गेले नाही. काठावरचा माणूस पुराचे कारण म्हणून मोजला गेला. पुराचा इशारा ज्याला पहिल्यांदा मिळायला हवा असा नागरिक म्हणून त्याची मोजणी उशिरा सुरू झाली.

ती सुरू झालीच नाही, असे नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मिठी धोक्याच्या पातळीवर चढली, तेव्हा कुर्ल्याच्या क्रांतिनगरमधल्या शेकडो रहिवाशांना वेळेत हलवण्यात आले. पाणी घरात शिरले, भांडीकुंडी गेली, पण माणसे वाचली. वीस वर्षांपूर्वी याच काठावर रात्र कशी गेली हे आठवणाऱ्यांना हा फरक छोटा वाटणार नाही.

नाईलची मुनादी

हे सारे वाचताना मला राहून राहून काहिराची आठवण येते. तिथे नाईल नदीतल्या रोदा बेटावर अब्बासी खलिफा मुतवक्किल याच्या काळात, इसवी सन ८६१ मध्ये, 'मिकयास' बांधला गेला. म्हणजे नदीची पातळी मोजण्याची विहीर. मधोमध अष्टकोनी दगडी खांब, त्यावर हातांच्या खुणा, आत उतरायला पायऱ्या आणि भिंतीवर पाण्याविषयीच्या कुरआनी आयती. खगोलशास्त्रज्ञ अल-फरगानी यांचे नाव या बांधकामाशी जोडले जाते. पातळी पाहून सांगण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या एका घराण्याकडे होते.

सोळा हात पाणी चढले की पीक चांगले येणार, आणि सरकारला जमिनीचा महसूल घेण्याचा हक्क मिळणार. म्हणजे तो आकडा आधी खजिन्यासाठी होता. पण काहिरात आणखी एक माणूस होता, 'मुनादी अन-नील'. एकोणिसाव्या शतकातल्या प्रवाशांनीही त्याचे वर्णन केले आहे. उन्हाळ्यात नदी चढू लागली की तो रोज गल्लोगल्ली फिरून आज पाणी किती वाढले ते पुकारत असे. मोजणारा बेटावर, पुकारणारा दारात. आकडा खजिन्यापाशी थांबला नाही, तो अंगणात आला.

मुनादी हा शब्द आपल्याला परका नाही. दख्खनीत आपण तो आजही वापरतो. मराठीत त्यालाच दवंडी म्हणतात. नाईलच्या मुनादीला अख्खा दिवस मिळत होता, कारण नदी सावकाश चढत होती. मिठीच्या मुनादीला वीस-तीस मिनिटे मिळतील. वेळ इतका कमी असेल, तर दवंडीची तयारी आधीपासून हवी.

आज आपल्याकडे दवंडी म्हणजे मोबाइलवरचा संदेश. तो अनेकदा जिल्ह्याच्या नावाने येतो. "मुंबई जिल्ह्यात मध्यम ते तीव्र सरी." कुलाबा आणि सांताक्रूझ एकाच वाक्यात. २००५ ने शिकवलेला पहिलाच धडा त्या वाक्यात पुसला जातो. शिवाय २६ जुलैच्या संध्याकाळी वीज गेली, फोन बंद पडले, हेही विसरता येत नाही. तेव्हा लोकांना कुणी सावरले? ज्याचे घर पहिल्या मजल्यावर होते त्याने. ज्या मशिदीचा, मंदिराचा, शाळेचा जिना कोरडा होता त्याने. अनोळखी माणसांना चहा-बिस्किटे देणाऱ्या मोहल्ल्यांच्या त्या रात्रीच्या कहाण्या आजही सांगितल्या जातात.

मग त्या मोहल्ल्यालाच दवंडीचे काम रीतसर का देऊ नये? नाल्याकाठच्या प्रत्येक वस्तीत एक जागा ठरवायची: शाळा, समाजमंदिर, मशीद, बुद्धविहार, जे उंचावर असेल ते. तिथे एक दिवा आणि बॅटरीवर चालणारा एक कर्णा. विभागातल्या पर्जन्यमापकाने आणि रडारने ठरलेला आकडा ओलांडला की दिवा लागावा आणि पुकारा व्हावा, मराठीत, हिंदीत, उर्दूत. २०२२ मध्ये महाराष्ट्रात मशिदीच्या भोंग्यावरून जे रण पेटले ते आपण पाहिले आहे. आवाज किती डेसिबलचा असावा यावर कायदा आहे आणि तो सगळ्यांनी पाळावा. पण पाणी चढत असताना शेजाऱ्याला जागे करणाऱ्या आवाजाला कुठल्याही धर्माचा माणूस हरकत घेणार नाही. त्या भोंग्याला असे काम मिळाले, तर त्याची शोभाच वाढेल.

अर्थात जबाबदारी मोहल्ल्यावर ढकलून प्रशासनाला सुटता येणार नाही. रडार चालू ठेवणे, पर्जन्यमापकांचे आकडे दर पंधरा मिनिटांनी खुले ठेवणे, कुठल्या आकड्याला कुठला दिवा लागेल हे आधी जाहीर करणे, हलवलेल्या माणसांसाठी कोरडी जागा आणि जेवण तयार ठेवणे ही सरकारची आणि महापालिकेची कामे आहेत. आपले काम त्याचा पाठपुरावा करण्याचे आहे. नगरसेवकाला गटारसफाईबद्दल आपण दरवर्षी विचारतो. यंदा आणखी एक प्रश्न विचारावा: आमच्या नाल्यावरचा पाऊस कोण मोजतो, आणि तो आकडा आमच्या गल्लीत किती मिनिटांत येतो?

मार्शलचे विद्यार्थी गाळणकागद घेऊन पावसात उभे राहिले, तेव्हापासून आजवर आभाळ वाचण्याच्या कलेने खूप मजल मारली आहे. २०१५ मध्ये हाँगकाँगच्याच संशोधकांनी रडारचित्रांवरून पुढचे चित्र काढायला यंत्राला शिकवले आणि त्यानंतर जगभर त्याची स्पर्धा लागली. येत्या काळात मुंबईच्या आभाळातला प्रत्येक ढग कदाचित मिनिटामिनिटाला टिपला जाईल. पण रडारची किरणशलाका नेहमी आभाळाकडे रोखलेली असते. तिने पाहिलेले खाली, नाल्याकाठच्या दारापर्यंत आणायला माणूसच लागतो. तो माणूस कोण, हे पुढच्या २६ जुलैच्या आधी प्रत्येक गल्लीने ठरवलेले बरे.